बिस्किटवाल्याची साक्ष

कोंडू वेखंडे मापाला बसला की खळ्यावर कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, हा नियम त्याच्या बापाच्या वेळेपासूनचा. तोही कोणाशी बोलत नसे. पायली राशीत खुपसायची, शिगोशीग भरायची, गोणीत ओतायची आणि पुढची पायली भरेपर्यंत आकडा तोंडाने म्हणत राहायचं. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, लाभ, लाभ. मग दोन, दोन, दोन. मध्येच 'पाणी दे' एवढं बोललं तरी आकडा सुटतो, आणि आकडा सुटला की मोजलेलं सगळं परत राशीत ओतून पुन्हा लाभपासून सुरुवात. कोंडूचा आकडा मात्र आजवर सुटला नव्हता. खर्डीपासून पार डोळखांबपर्यंत लोक त्याला मापाला बोलवायचे. कोंडूच्या मापात भांडण नसतं, असा त्याचा लौकिक होता. भांडणं होती ती त्याच्या घरात.

दोघा भावांच्या चुली वेगळ्या होऊन बरीच वर्षं झाली होती. गुरं वाटली, भांडी वाटली, परसातला फणससुद्धा एक वर्ष याचा, एक वर्ष त्याचा असा वाटून झाला. खालचा मळा तेवढा एकत्र राहिला. त्याचं भात खळ्यावर दोघांत निम्मं-निम्मं मोजलं जायचं: एक पायली कोंडूच्या गोणीत, एक धाकट्या ज्ञानेश्वरच्या. लाभाची पायली थोरल्याची. आणि एकदा गोणीत गेलं ते ज्याचं त्याचं, त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही, हाही नियमच होता. त्यामुळे वर्षभर जे बोलायचं राहिलेलं असे ते सगळं मापाच्या आधी, नाहीतर माप चालू असताना बोलून घ्यायची या घराला सवय लागली होती.

कोंडूच्या मुलाने, भगीरथने, मापासाठी रजा टाकली होती. सकाळी तो गोठ्याच्या मागे ब्रश तोंडात घालून उभा होता, तेव्हा त्याची आई शेणाची पाटी घेऊन आली आणि पाटी खाली ठेवून त्याच्यासमोरच उभी राहिली.

"आज तुला इचारतील," सकुबाई म्हणाली.

"काय?"

"वेड पांघरू नको. हर्षालीचं. तुझंच ते शिक्षाण तिला पायजे. मार्केटिंगचं."

भगीरथला ते ठाऊक होतं. चुलतबहीण हर्षाली शहापूरच्या कॉलेजातून बी.कॉम. झाली होती आणि आता तिला ठाण्याला दोन वर्षांच्या मार्केटिंग आणि सेल्सच्या डिग्रीला जायचं होतं. पाच-सहा वर्षांपूर्वी हीच डिग्री भगीरथने कल्याणला केली होती. तेव्हा कोंडूच्या एकट्याच्या भातात ते बसण्यातलं नव्हतं. ज्ञानेश्वरकाका काही न बोलता मापाच्या वेळी पुढे झाला आणि लागोपाठ दोन वर्षं त्याने आपल्या वाट्याची अर्धी रासही थोरल्या भावाच्या गोण्यांत घालायला लावली. "पोरगा आपलाच हाय," एवढंच तो म्हणाला होता. ना कागद झाला, ना कोणी पुढे कधी विषय काढला. त्या दोन वर्षांत काकाच्या घरावर कौलं चढायची होती, ती पुढे कितीतरी दिवस चढली नाहीत.

आता काकाच्या पोरीची पाळी आली होती. काकाने मागितलं नव्हतं. काकीनेही मागितलं नव्हतं. फक्त सगळ्या गावात सांगितलं होतं.

"ह्या वर्साचं आन् पुढच्या वर्साचं भात गेलं तर तुझा स्लॅब कशाचा पडणार?" सकुबाई आवाज खाली आणून म्हणाली. "सरळगाववाले काय बोललेत, याद हाय ना? पोरीला निजायला पक्की खोली पायजे. खोली नाय तर लगीन नाय. दिपाली काय दोन वर्सं तुझ्यासाठी बसून ऱ्हाईल?"

दिपालीचं नाव निघालं तसा भगीरथ जोरात ब्रश घासायला लागला. सहा महिन्यांपूर्वी आत्याने जमवलेलं स्थळ. मुरबाडच्या बाजारात तीनदा भेटले होते, तिसऱ्या वेळी आत्याला न सांगता. ती मुलगी त्याला मनापासून आवडली होती.

"तू फकस्त एवढंच बोलायचं," आई म्हणाली, "का त्या शिक्षणात काय राम नाय."

"आणि मग मी काय करतो, आये?"

"बिस्किटं विकतो."

भगीरथने तोंडातला ब्रश काढला. नोकरी लागल्यापासून त्याच्या आईने बिस्किट हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. भाजीवालीपासून भगतापर्यंत सगळ्यांना ती सांगायची, माझा भगीरथ कंपनीत मॅनेजर हाय. तो मॅनेजर नव्हता, सुपरवायझर होता, आणि कंपनी बिस्किटांची होती. हे गावाला सांगायचं काम अनिताकाकीने केलं होतं. सुरुवातीला एकदा खर्डीच्या दुकानात तो बॅग लावून ऑर्डर घेताना तिने पाहिला, त्या दिवसापासून तो तिच्यासाठी 'आमचा बिस्किटवाला'. या दोन नावांमध्ये भगीरथ इतकी वर्षं राहत आला होता, आणि आता त्याच्याच आईने पाटी उचलता उचलता नाव बदलून टाकलं.

खळं सारवून सुकलं होतं. राशीची पूजा झाली, नारळ फुटला, चपला काढून सगळे आत आले. कोंडू उगवतीकडे तोंड करून बसला. त्याच्या डाव्या हाताला स्वतःची गोणी, तोंड धरायला सकुबाई. उजव्या हाताला ज्ञानेश्वरची, तिचं तोंड त्याने स्वतःच धरलं होतं. सुपातला कोंडा पाखडत अनिताकाकी बसली, आणि पलीकडे आंब्याच्या मुळीवर, सगळ्यांना दिसेल आणि सगळं ऐकू येईल अशा जागी, हिराबाई आत्या. ही कोंडूची थोरली बहीण, सरळगावला दिलेली. आईबाप गेल्यापासून राशीला ती न चुकता यायची. भात न्यायला नव्हे, बोलायला.

"लाभ," कोंडूने पहिली पायली आपल्या गोणीत ओतली. "लाभ, लाभ, लाभ..."

"हर्षे," आत्याने लगेच सुरुवात केली, "तू काय शिकणार बोलतात?"

हर्षाली चहाची किटली घेऊन येत होती. "मार्केटिंग अँड सेल्स, आत्या."

"म्हंजी?"

"विक्री."

"विकायला शिकाया लागतं?" आत्याने हात गालाला लावला. "मी लगीन झाल्यापासून मुरबाडच्या बाजारात वांगी विकते. मला कुणी शिकवलं गो?"

"आत्या, तुमची पाटी संपली की तुमी घरी येता," हर्षाली कपात चहा ओतत म्हणाली. "कंपनीची पाटी संपतच नाय. एवढं कुणाला, कुठं, कसं विकायचं ते ठरवायला माणसं लागतात. मला बॅग घेऊन फिरायचं असं नाय. फिरणाऱ्याला कुठं पाठवायचं ते जिथं ठरतं, तिथं बसायचंय."

"दोन, दोन, दोन," कोंडू म्हणाला.

"बसायला कोण देणार?" सकुबाईने गोणीचं तोंड सारखं करत, कोणाकडे न बघता म्हटलं. "आमच्या भगीरथाला पन वाटलं व्हतं बसायला मिळल. ऊन नाय, पाऊस नाय, टोकावडं काय, किन्हवली काय, दुकानं पुजत फिरतो. बिस्किटं घ्या, बिस्किटं घ्या. पोराचा रंग बघा कसा झालाय."

"असं कसं बोलता जाऊबाई?" अनिताकाकीचं सूप थांबलं. "फिरतो म्हंजी त्याच्या हाताखाली माणसं हायेत. कंपनीनं मोबाइल दिलाय. गाडीचं पेट्रोल देतात. आमच्याकडं कोण आलं तर मी पयलं सांगते, पुतण्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर हाय."

"पेट्रोल देतात ते फिरवायला देतात. घरी बसवायला दिलंय का कुणी?"

"आन् दिवाळीला बोनस?"

"बोनस? पुड्यांचा खोका दिला. निम्मे मोडके."

आत्या आधी हिच्याकडे, मग तिच्याकडे बघत होती. तिने कप खाली ठेवला. "आज काय उलटी गंगा वाहातेय गो? दसऱ्याला मी आले तवा मॅनेजर सकूचा व्हता आन् बिस्किटवाला अनिताचा. मधी काय अदलाबदल झाली का?"

हर्षालीने तोंडाला ओढणी लावली. सकुबाईचं तोंड गोरंमोरं झालं आणि अनिताकाकी घाईने सूप पाखडायला लागली. हसावं की उठून जावं हे भगीरथला कळेना. इतकी वर्षं काकीने त्याला हिणवलं त्याचं त्याला फारसं वाटलं नव्हतं. आज आई हिणवत होती ते मात्र लागलं, तिचं कारण माहीत असूनही लागलं.

"पाच, पाच, पाच," कोंडूचा आवाज एका लयीत चालला होता. त्याचं लक्ष आहे की नाही ते त्याच्या तोंडावरून कधीच कळत नसे.

भगीरथ रिकाम्या गोण्या झटकायला बाजूला गेला तशी हर्षाली त्याच्या मागे आली. चहाचा कप त्याच्या हातात देऊन म्हणाली, "भाऊ, तुला विचारतील."

"आईने सांगितलंय."

"काय बोलायचं ते पण सांगितलं असेल." ती हसली, पण ते हसणं टिकलं नाही. "एक कर. खोटं नको बोलू. माझ्या बाजूने पण नको. मी दोन वर्षं जाणार, मोठ्या बाबांचं भात घालवणार आणि मग कळणार की भाऊ मला बरं वाटावं म्हणून बोलला होता. त्यापेक्षा मी इथं शहापूरला कुणाच्या तरी दुकानात बिलं फाडेन."

ती किटली घेऊन परत गेली. भगीरथने चहा प्यायला, तो गार झाला होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली होती. शिक्षणाचा फायदा झाला म्हणावं, तर त्याच्या बापाचं दोन वर्षांचं भात हर्षालीच्या फीमध्ये जाणार, खोली राहणार आणि सरळगावचं स्थळ हातचं जाणार. फायदा झाला नाही म्हणावं, तर खोली उभी राहणार, दिपाली घरात येणार, पण मग काकाने दोन वर्षं कौलं न चढवता घातलेलं भात मातीत गेलं, असं त्या काकाच्या तोंडावर सांगावं लागणार. आणि अवघड हे, की खरं काय ते या दोन्हींत पुरतं बसत नव्हतं.

तो गोण्या घेऊन परत आला तेव्हा कोणाचं तरी बोलणं अर्धवट थांबलेलं होतं. ज्ञानेश्वरकाका, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, तो गोणीचं तोंड धरल्या धरल्या बोलत होता.

"बायकांनो, तुमी त्याच्या वतीनं नका बोलू. शिकलाय तो. त्याला इचारा." त्याने मान वर करून भगीरथकडे पाहिलं. "भगीरथा, तू सांग. त्या शिक्षणाचा फायदा व्हतो का नाय? तू नाय बोललास तर मी पुन्यांदा इषय काढणार नाय. पोरीला पन काढू देणार नाय."

"दहा, दहा, दहा," कोंडू म्हणाला.

सकुबाईने भगीरथकडे असं पाहिलं की ते पाहणं आत्याच्याही ध्यानात आलं.

भगीरथ खाली बसला. दुकानदारासमोर बसताना जसा बसायचा, तसा टाचेवर. "काका, मी सगळं सांगतो. मग तुमीच काय ते ठरवा."

"सांग."

"कॉलेजवाले सुरुवातीला बोलले व्हते, नोकरीची हमी. ती एका मुलाखतीची हमी निघाली. पाणी शुद्ध करायच्या मशीनची कंपनी. इथं सगळ्यांना मी सांगितलं ट्रेनिंग चालू हाय. ट्रेनिंग काय नाय. वर्षभर कल्याणात बिल्डिंगींचे जिने चढत व्हतो. दारावरची बेल मारायची, मशीन दाखवायचं. कुत्रं अंगावर यायचं. मशीन नाय खपलं तर पगार कापायचे. माझ्या वर्गातली निम्मी पोरं आज त्या लायनीत नायत. एकजण रिक्षा चालवतो, एकाने बापाचं दुकान धरलं. जे पुस्तकात शिकलो त्यातलं मुरबाडच्या दुकानदारापुढं काय सुद्धा चालत नाय. त्याला एकच कळतं, माल संपला तर घेणार, नायतर नाय."

सकुबाईचा चेहरा उजळला. मग पोरगा वर्षभर जिने चढला हे तिच्या डोक्यात शिरलं असावं, कारण तो उजेड तसाच विझला. "जिनं चढलास? मला कधी बोलला नायस," ती पुटपुटली.

अनिताकाकीने सूप खाली ठेवलं होतं. हर्षाली किटली धरून उभी होती, चेहरा कोरा.

"आता दुसरं ऐका," भगीरथ म्हणाला. "आमच्या मालाच्या गाडीवर भिमा म्हणून हाय, आटगावचा. आमी दोघं एकाच टायमाला लागलो. भिमा माझ्यापेक्षा चांगला विकतो. मला नाय बोललेल्या दुकानात तो माल उतरवतो. बारावी झालाय. पण मी आज त्याचा साहेब हाय आणि तो अजून गाडीवरच. का? तर सुपरवायझरच्या जागेला डिग्री लागते. भिमाचं नाव त्या जागेसाठी कुणी घेतलंच नाय. तो चांगला का वाईट, हे कुणी बघितलंच नाय."

"म्हंजी नुसता कागदाचा फायदा," आत्या म्हणाली.

"कागदाचाच, आत्या. पण तो कागद दाराशी लागतो. एकदा आत गेलं की कुणी विचारत नाय. पण आत जायला तोच लागतो."

"बारा, बारा, बारा..."

"एक काय ते बोल रे," सकुबाईला राहवेना. "व्हय का नाय?"

भगीरथने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं. "हर्षालीला माझ्यापेक्षा जड जाणार. बाईमाणसाला लायनीवर लवकर कोण घेत नाय, मी ते बघतो रोज. पण ती माझ्यापेक्षा हुशार हाय, आणि मला जे कामाला लागल्यावर कळलं ते तिला आत्ताच माहिती हाय, का फिरणाऱ्यापेक्षा ठरवणाऱ्याच्या खोलीत जायचं. डिग्रीने फायदा व्हतोच असं मी नाय बोलणार. कुणी तसं बोलला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका." मग ज्ञानेश्वरकडे बघून म्हणाला, "काका, जिने चढत व्हतो तवा तीनदा बॅग टाकून घरी यायला निघालो व्हतो. एकदा तर स्टेशनवर येऊन तिकीट काढलं. आलो नाय. तुमच्या घराला कौलं नव्हती हे डोक्यातून जायचं नाय. फायदा व्हतो का ते मला माहीत नाय. माझा झाला."

खळ्यावर सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत काय चुकतंय हे कळायला सगळ्यांना थोडा वेळ लागला. कोंडूचा आकडा थांबला होता.

तो भरलेली पायली हातात धरून बसला होता. "किती झालं?" त्याने विचारलं.

कोंडू वेखंडेने कोणाला तरी आकडा विचारावा, असं त्या खळ्याने कधी ऐकलं नव्हतं.

"तेरा," ज्ञानेश्वर म्हणाला.

"चौदा ना?" सकुबाई म्हणाली.

"मी तर ह्याचं ऐकत व्हते," आत्या म्हणाली.

सगळे तेच ऐकत होते. कोंडूने मान हलवली आणि हातातली पायली राशीत ओतली. मग आपली गोणी उलटी केली. ज्ञानेश्वरची उलटी केली. भात पुन्हा एक झालं. रास हाताने सारखी करताना तो जरा जास्तच वेळ लावत होता. मग त्याने पायली खुपसली, शिगोशीग भरली आणि वळला.

"लाभ," तो म्हणाला, आणि पायली ज्ञानेश्वरच्या गोणीत ओतली.

थोरल्याची पायली धाकट्याच्या गोणीत गेली. ज्ञानेश्वरला वाटलं, सवय मोडल्यामुळे चुकला असेल. "लाभ, लाभ, लाभ," म्हणत कोंडूने दुसरी भरली. "दोन." तीही तिथेच. "दोन, दोन, दोन." सकुबाई आपल्या रिकाम्या गोणीचं तोंड धरून बसली होती.

तिसरी पायली आली तसा ज्ञानेश्वर म्हणाला, "दादा, चुकलास. ही माझी गोण."

कोंडूला उत्तर देता येत नव्हतं. तो फक्त आकडा मोठ्याने म्हणायला लागला. "तीन! तीन! तीन!"

"दादा, मी काय मागितलं नाय. अनिता काय पन बोलली असंल, पन मी..." ज्ञानेश्वरने गोणीचं तोंड दोन्ही हातांनी आवळून मिटलं. "घरात तुज्या पोराचं लगीन हाय."

कोंडू भरलेली पायली गोणीच्या वर धरून थांबला. पायली जड असते, तरी त्याने ती खाली टेकवली नाही. त्याचे डोळे भावाच्या डोळ्यांवर होते आणि तोंडाने "तीन, तीन, तीन" चालूच होतं. आता आकडा सुटला तर पुन्हा सगळं ओतावं लागलं असतं आणि पुन्हा लाभ तिथेच पडला असता, हे ज्ञानेश्वरला कळत होतं. तो या माणसाचा धाकटा भाऊ होता. त्याचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसायला एक हात लागला, म्हणून गोणीचं तोंड सुटलं. भात आत पडलं.

अनिताकाकीने पदर तोंडाला लावला होता. हर्षाली कुठेच बघत नव्हती.

राहिली सकुबाई. तिने रिकामी गोणी हळूहळू घडी घालून मांडीखाली घेतली आणि तिच्यावरच बसून राहिली. "घरचं झालं थोडं," ती एवढंच म्हणाली आणि पुढचं तोंडातच ठेवलं. भगीरथला वाटलं, आता ती उठून जाईल. ती गेली नाही. कोंडूच्या प्रत्येक आकड्याबरोबर तिचे ओठ हलत होते. पुन्हा सुटू नये म्हणून तीही मोजत होती. ज्ञानेश्वरची गोणी तोंडापर्यंत भरली आणि तो दुसरी शोधायला इकडेतिकडे बघू लागला, तेव्हा तिने मांडीखालची घडी उपसली आणि त्याच्या अंगावर फेकली.

"ही घ्या भावजी. फाटकी नाय."

ऊन डोक्यावर येईपर्यंत माप चाललं. सगळं भात एकाच बाजूला उभं राहिलं. शेवटचे मूठभर दाणे पाखरांना टाकून कोंडूने पायली उपडी ठेवली, तेव्हा त्याला बोलायची मुभा झाली. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो उठला, कंबर सरळ केली, कोणाच्याही डोळ्यांत न बघता पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मग भगीरथकडे वळला.

"लगीन पुढं गेलं," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"सरळगावला व्याह्याला कोण सांगणार?"

"तुमी आणि आत्या."

"मी नाय जायाची," आत्या मुळीवरून म्हणाली. "त्यो माणूस चिवट हाय. मला शेजारात ऱ्हायाचंय."

"मी पन नाय," कोंडू म्हणाला. "तू जा."

"मी? बाबा, नवरामुलगा कधी असं सांगायला जातो? हे वडीलधाऱ्यांचं काम."

"वडीलधाऱ्यानं इक्रीचं शिक्षाण घेतलंय का?" कोंडूने तांब्या खाली ठेवला. "दोन वर्सं पक्की खोली नाय आन् तरी पोरगी द्या, हे त्या माणसाच्या गळी उतरव. ज्ञानूचं भात वाया गेलं का नाय, ते तवाच कळंल."

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. ज्ञानेश्वर ओल्या डोळ्यांनी हसला, अनिताकाकी हसली, आणि हर्षालीने पुढे होऊन भगीरथच्या पाठीत एक गुद्दा घातला. भगीरथलाही हसू येत होतं. दिपालीच्या बापासमोर बसायचं होतं, आणि तिथे कुठलाही कागद दाराशी चालणार नव्हता. पण पहिलं वाक्य काय बोलायचं ते तो मनातल्या मनात जुळवायलाही लागला होता.

जेवण झाल्यावर त्याने गाडी बाहेर काढली. रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे म्हणून कंपनीच्या बॅगेतून क्रीमच्या बिस्किटांचे चार पुडे काढून पिशवीत घातले. सकुबाई ओट्यावरून बघत होती. ती खाली उतरली, पिशवीत हात घालून चारही पुडे बाहेर काढले आणि त्याच्या खिशात पैसे कोंबले.

"खर्डीच्या नाक्यावरून पेढं घे," ती म्हणाली. "बिस्किटं नेतोस व्हय? मॅनेजर हायस तू."